जुना लॅपटॉप बॅटरीवर जास्त वेळ कसा चालवायचा

पाच-सहा वर्षं वापरलेला लॅपटॉप दीड तासात मान टाकायला लागला की पहिला सल्ला मिळतो, ‘बॅटरी बदल.’ सल्ला चुकीचाच असतो असं नाही, पण घाईचा असतो. बॅटरी लवकर संपण्याची कारणं दोन असतात आणि ती एकमेकांपासून वेगळी असतात: टाकी लहान झालेली असते, किंवा नळ जास्त सुटलेला असतो. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये दोन्ही थोडं थोडं झालेलं असतं. नळ आवरायला पैसे लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून करायची.

हिशोब सोपा आहे. बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मोजतात. तिला लॅपटॉप खात असलेल्या वॉटने भागलं की तास निघतात. ११.४ व्होल्ट आणि ३६०० एमएएच अशी खूण असलेली बॅटरी नवी असताना ४१ वॉट-तासांची असते. लॅपटॉप सरासरी १२ वॉट खात असेल तर ती सव्वातीन तासांच्या थोडं पुढे जाते. आता ती झिजून २४.६ वॉट-तासांवर, म्हणजे साठ टक्क्यांवर आली असं धरा. तेवढ्याच खर्चात ती दोन तास देईल. पण खर्च १२ वरून ८ वॉटवर आणला तर हीच झिजलेली बॅटरी तीन तास ओढते. म्हणजे नव्या बॅटरीच्या जवळपास पोचलात आणि खिशाला हातही लावावा लागला नाही. जिथे चार टेबलांमागे एक प्लग असतो अशा ठाण्यातल्या अभ्यासिकेत बसणाऱ्याला, किंवा ट्रान्स-हार्बरने रोज पनवेलकडे जाताना काम उरकणाऱ्याला, हा एक तास फार मोठा असतो.

आधी मोजा

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून टर्मिनल, पॉवरशेल किंवा कमांड प्रॉम्प्ट, यांपैकी जे दिसेल ते उघडा. इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक स्पेस, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप करून एंटर दाबा. पॉवरसीएफजी हा सलग एकच शब्द आहे: ‘पॉवर’ला लागून सी, एफ, जी. एक फाइल तयार होते आणि तिचा पत्ता तिथेच दिसतो. ती ब्राउझरमध्ये उघडा. वरच्या भागात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिलीवॉट-तासांत असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभरने गुणा, की टाकी किती उरली ते कळतं. ‘सायकल काउंट’ही (बॅटरी भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या) असतो, पण बऱ्याच मशीनमध्ये तिथे नुसती रेघ दिसते. त्यावर अडून बसू नका.

मॅकबुकवाल्यांनी ऑप्शन की दाबून ॲपलच्या मेन्यूतून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडावं आणि ‘पॉवर’मध्ये सायकल काउंट आणि कंडिशन पाहावी. लिनक्सवर पॉवरटॉप हा प्रोग्रॅम खर्चही दाखवतो.

विंडोजमध्ये खर्च पाहायला एचडब्ल्यूइन्फो किंवा बॅटरीइन्फोव्ह्यू यांपैकी एक मोफत प्रोग्रॅम पुरतो. चार्जर काढा, पाच मिनिटं काहीच न करता थांबा आणि ‘चार्ज रेट’ किंवा ‘डिस्चार्ज रेट’चा आकडा लिहून घ्या. मग नेहमीचं काम करताना पुन्हा पाहा. १५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर असलेला जुना लॅपटॉप रिकामा बसला असताना साधारण ५ ते ८ वॉट खातो. तो रिकामा असतानाच १२-१४ दाखवत असेल तर आत काहीतरी फुकट चालू आहे. पुढचा प्रत्येक बदल एकेक करून करा आणि हा आकडा पाहा. एकदम दहा गोष्टी बदलल्या की कुठल्या बदलाने काय झालं ते कधीच कळत नाही.

वॉट कुठे जातात

सर्वांत आधी स्क्रीन. पूर्ण उजेड आणि निम्मा उजेड यांत एक-दोन वॉटचा फरक सहज पडतो, आणि घरात किंवा अभ्यासिकेत चाळीस टक्के पुरतात. डार्क थीम लावून बॅटरी वाचते ही समजूत मात्र जुन्या लॅपटॉपला लागू नाही. एलसीडीच्या मागचा दिवा काळ्या चित्रामागेही तेवढाच जळतो. ओलेड स्क्रीनची गोष्ट वेगळी, पण जुन्या लॅपटॉपमध्ये ती क्वचितच असते.

दुसरी चोरी लक्षातच येत नाही: लॅपटॉपवरून फोन चार्ज करणं. साधा यूएसबी २ पोर्ट ५ व्होल्टला अर्धा ॲम्पियर देतो, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३ पोर्ट साडेचार वॉटपर्यंत देतो. आठ वॉटवर चालणाऱ्या लॅपटॉपमधून अडीच वॉट फोनला दिले की बॅटरीच्या वेळातला जवळपास पाव हिस्सा गेला. मोबाइलचं इंटरनेट केबल लावून वापरणारे नकळत हेच करत असतात. प्रवासात वायफाय हॉटस्पॉट वापरा आणि फोनला पॉवर बँक लावा. बाहेरची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. कीबोर्डचा दिवाही बंद करा.

आता व्हिडिओ, कारण जुन्या लॅपटॉपची बॅटरी सर्वांत जास्त तिथे जळते. यूट्यूब क्रोमला बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारात दाबलेला व्हिडिओ पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून व्हीपी९ उलगडण्याचं पूर्ण यंत्र चिपमध्येच आहे. एव्ही१साठी अकराव्या पिढीपर्यंत थांबावं लागतं. पिढी मॉडेलच्या आकड्यावरून कळते: आय५-६२००यू म्हणजे सहावी, आय५-७२००यू म्हणजे सातवी. चिपमध्ये यंत्र नसेल तर तेच काम प्रोसेसरचे मुख्य कोर रेटून करतात. पंखा घोंघावतो, खर्च दुप्पट होऊ शकतो आणि दोष बॅटरीवर येतो.

चालू व्हिडिओवर राइट-क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘कोडेक्स’च्या ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसत असेल आणि प्रोसेसर जुना असेल, तर ब्राउझरमध्ये एच२६४इफायसारखं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाका. मग यूट्यूब जुना एच.२६४ प्रकार पाठवतं आणि तो या सगळ्या चिप आरामात उलगडतात. त्याच ओळीत आता एव्हीसी१ दिसायला हवं. तोटा एवढाच की १०८०पीच्या वर जाता येत नाही. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर ७२०पी पुरे असतं, त्यामुळे हा तोटा नावापुरता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चिपमधलं ते यंत्र वापरण्याची परवानगी) चालू आहे ना, तेही पाहा. कधीकाळी स्क्रीन लुकलुकली म्हणून कुणीतरी ते बंद केलेलं असतं आणि मग वरचं सगळं फुकट जातं.

बाकी ब्राउझरमध्ये क्रोमचा एनर्जी सेव्हर आणि मेमरी सेव्हर, किंवा एजचा एफिशियन्सी मोड चालू करा आणि पुढे चला.

प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे काम वाढलं की वेग तात्पुरता चढवण्याची सोय, बंद करणं हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’खाली ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ हे ‘ऑन बॅटरी’साठी १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण ९९ म्हणजे विंडोजच्या लेखी ‘टर्बो नको’. याची किंमत मशीनप्रमाणे बदलते. आय५-७२००यू ३.१ गिगाहर्ट्झवरून २.५ वर येतो आणि लिहिणं-वाचणं करणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही. आय५-८२५०यू मात्र ३.४ वरून थेट १.६ वर येतो आणि मोठी एक्सेल फाइल उघडताना चिडचिड होते. अशा मशीनवर प्रवासापुरतंच हे ठेवा. काही लॅपटॉपमध्ये ही ओळ लपवलेली असते. तिथे बॅटरीच्या चिन्हावर क्लिक करून किंवा सेटिंग्जमधून पॉवर मोड सर्वांत काटकसरीचा निवडा. लॅपटॉपमध्ये वेगळं एनव्हिडिया किंवा एएमडी ग्राफिक्स कार्ड असेल तर डिस्प्ले सेटिंग्जच्या ‘ग्राफिक्स’मध्ये ब्राउझर आणि व्हिडिओ प्लेअरसाठी ‘पॉवर सेव्हिंग’ निवडा, नाहीतर ते कार्ड उगाच जागं राहतं.

टास्क मॅनेजरमध्ये ‘पॉवर युसेज’ असा रकाना असतो. दहा मिनिटं तो उघडा ठेवून बघा. हमखास सापडणारे गुन्हेगार म्हणजे दोन-दोन अँटिव्हायरस. लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत संपलेला एक आणि नंतर टाकलेला दुसरा. एक ठेवा. ‘स्टार्टअप’मधून मीटिंगची आणि फाइल सिंक करणारी ॲप्स बंद करा, लागतील तेव्हा उघडता येतात.

हार्ड डिस्कवाला लॅपटॉप अजून वापरात असेल तर एसएसडी टाकणं ही पैसे घालण्याची पहिली जागा, बॅटरीच्याही आधी. अडीच इंची हार्ड डिस्क काम करताना दोन वॉटच्या आसपास खाते आणि विंडोज १० तिला क्षणभर बसू देत नाही. चार जीबी रॅमवर तर मेमरी कमी पडली की डिस्कवर लिहिणं सतत चालू. साटा एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये त्याच जागी बसते. ७ मिलिमीटर जाडीची घ्या. त्याबरोबर रॅम आठ जीबी केली की पंधरा मिनिटांचं काम दहात उरकतं आणि बॅटरीला तेवढाच आराम.

बॅगेत टाकताना स्लीप नको, हायबरनेट करा, म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून मशीन बंद होतं. स्लीपमध्ये रॅमला वीज द्यावीच लागते, आणि ‘मॉडर्न स्टँडबाय’ (फोनसारखी अर्धवट झोप) असलेली मशीन बॅगेतच जागी होऊन तापतात. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूझ व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’ उघडा आणि बॅटरीवर असताना झाकण मिटलं की हायबरनेट, असं ठरवा. यादीत हायबरनेट नसेल तर त्याच पानावर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ दाबून खाली हायबरनेटवर खूण करा. हार्ड डिस्क असेल तर डिस्कचा दिवा थांबेपर्यंत लॅपटॉप हलवू नका. फिरत्या डिस्कला गर्दीतला धक्का सोसत नाही.

टाकी लहान का होते

लिथियम-आयन सेल वापरल्याने झिजतो, तसा नुसता पडूनही झिजतो. आतल्या ग्रॅफाइटवर एक थर जाड होत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. हे काम जोरात चालायला दोन गोष्टी हव्या असतात: उष्णता आणि भरलेला सेल. सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो आणि त्या ताणाखाली आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वाढतात. दर दहा अंशांमागे अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे मे महिन्यात घोडबंदरच्या बिनएसीच्या खोलीत, गादीवर ठेवलेला, चोवीस तास चार्जरला लावलेला शंभर टक्के भरलेला लॅपटॉप ही बॅटरी मारण्याची पक्की कृती झाली. घरून काम करणाऱ्यांच्या बॅटऱ्या ‘कधी वापरलीच नाही तरी गेली’ त्या याच कारणाने.

उपाय म्हणजे चार्जची मर्यादा. लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावर असेल तर हे आजच करा. लेनोवोत व्हँटेज ॲपमध्ये ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ असतो. मॉडेलप्रमाणे तो साठ किंवा ऐंशी टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवतो. थिंकपॅडमध्ये सुरू आणि बंद होण्याचे आकडे स्वतः ठरवता येतात. डेलमध्ये सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) ‘प्रायमरीली एसी युज’ किंवा ‘कस्टम’ निवडा. एचपीत एफ१०, मग बॅटरी हेल्थ मॅनेजरमध्ये ‘मॅक्सिमाइज माय बॅटरी हेल्थ’. असूसच्या ॲपमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, एसरच्या केअर सेंटरमध्ये ऐंशी टक्क्यांची खूण. लिनक्सवर टीएलपी हा प्रोग्रॅम हे काम करतो, मशीनने साथ दिली तर. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढा, परतल्यावर पुन्हा लावा. काही जण ही मर्यादा लावतात, विसरतात आणि महिन्याभराने ‘साठ टक्क्यांवर चार्जिंग अडकतं’ म्हणून दुकानात जातात.

मर्यादेची सोयच नसलेलं मॉडेल असेल तर रात्रभर चार्जरला लावून झोपू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

काढता येणारी बॅटरी काढून ठेवून नुसत्या चार्जरवर काम करण्याची पद्धत अजून दिसते. बॅटरीसाठी ती वाईट नाही, निम्मी भरून थंड जागी ठेवली तर. पण दिवा-कळव्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि वीज गेली की न जपलेलं कामही गेलं. शिवाय काही मशीन बॅटरी नसेल तर प्रोसेसरचा वेग स्वतःच उतरवतात. त्यापेक्षा साठ टक्क्यांची मर्यादा बरी. गणपतीला पंधरा दिवस गावी जाणार असाल आणि लॅपटॉप घरीच राहणार असेल, तर तो निम्मा भरून शिफ्ट दाबून शटडाउन करा. शिफ्टमुळे विंडोजचं फास्ट स्टार्टअप टळतं आणि मशीन खरोखर बंद होतं. शून्यावर ठेवून जाऊ नका. आधीच रिकामा सेल पडून पडून आणखी उतरला की संरक्षक सर्किट तो कायमचा बंद करू शकतं. उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप ठेवणं तर नकोच.

उष्णतेचा दुसरा उगम लॅपटॉपच्या आतच असतो. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि खाडीकडची दमट हवा मिळून पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून हवा मारून तो निघत नाही, उलट पात्यांवर आणखी घट्ट बसतो. मागचं झाकण उघडा (बहुतेक ठिकाणी पीएच०० किंवा पीएच० चा स्क्रू ड्रायव्हर लागतो), सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, पंखा काडीने अडवून धरा आणि मग ब्लोअर मारा. पंखा मोकळा फिरू दिला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असते. हात आधीच आत गेला आहे तर तीही बदला. गरम चिप त्याच कामाला जास्त वीज खाते, त्यामुळे या साफसफाईचा फायदा खर्चाच्या आकड्यातही दिसतो.

टक्का खोटा बोलत असेल तर

तीस टक्के दिसत असताना लॅपटॉप धाडकन बंद पडतो, तेव्हा दोन शक्यता असतात. पहिली, मोजणारी चिप अंदाज चुकली आहे. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, तसाच दोन तास लावून ठेवा, मग हलकं काम करत पाच टक्क्यांपर्यंत उतरवा, हायबरनेट करा आणि मध्ये न काढता पुन्हा पूर्ण भरा. यामुळे आकडा ताळ्यावर येतो, क्षमता वाढत नाही. दर महिन्याला करायची ही गोष्ट नाही. वर्षातून एक-दोनदा, गरज पडली तर.

दुसरी शक्यता म्हणजे सेलचा अंतर्गत रोध वाढला आहे किंवा एक सेल बाकीच्यांपेक्षा कमजोर आहे. प्रोसेसरने एकदम वीज मागितली की व्होल्टेज खाली बसतं आणि मशीन बंद होतं. वरचा टर्बो बंद करण्याचा उपाय इथे तात्पुरता चालतो, कारण एकदम होणारी मागणीच कमी होते. पण ही बॅटरी आता निरोपाच्या रांगेत आहे. फ्रीजमध्ये ठेवून ती सुधारत नाही, फक्त आत दव धरतं.

‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ दिसलं तर बॅटरीला दोष देण्याआधी चार्जर बघा. डेल आणि एचपीच्या गोल पिनमध्ये मधली बारीक पिन चार्जरची ओळख सांगते. ती वाकली किंवा नकली चार्जर लावला तर लॅपटॉप चालतो, पण चार्ज होत नाही आणि मंदावतो.

नवी बॅटरी घेताना

क्षमता निम्म्याच्या खाली गेली असेल आणि खर्च आवरूनही भागत नसेल, तर बदला. ठाणे स्टेशनच्या परिसरात, वाशीच्या सेक्टर १७ मध्ये किंवा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, कुठेही जा. पण लॅपटॉपचं नाव सांगून बॅटरी मागू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या निघतात. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर, व्होल्टेज आणि वॉट-तास यांचा फोटो घेऊन जा. १०.८ आणि ११.१ व्होल्ट हे एकच घराणं, दोन्ही तीन सेलांची रांग, चालतं. १४.४ किंवा १४.८ ही चार सेलांची रांग, ती त्या जागी लावायची नाही.

एमएएचचा मोठा आकडा पाहून भुलू नका. व्होल्टने गुणून वॉट-तास काढा आणि जुन्याशी ताडून पाहा. त्याच आकाराच्या डब्यात दीडपट क्षमता कुणी देत असेल तर ती बहुधा स्टिकरवरच असते. गोल सेलांच्या बॅटरीला वजनाची कसोटी चांगली लागू पडते. एका १८६५० सेलचं (अशा बॅटरीतल्या नेहमीच्या गोल सेलचं) वजन साधारण ४५ ग्रॅम, म्हणजे सहा सेलांची बॅटरी २७० ग्रॅमच्या खाली भरली तर आत सहा सेल नाहीत. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलवर असायला हवा. जुन्या डब्यात नवे सेल भरून देणारेही भेटतात. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र आले की संतुलन बिघडतं, आणि बऱ्याच बॅटऱ्यांची चिप सेल काढताच स्वतःला कुलूप लावते. त्या वाटेला जाऊ नका. नवी बॅटरी बसवली की पहिल्या आठवड्यात रिपोर्ट काढा आणि त्याच उजेडावर किती तास चालते तेही बघा. चिपमध्ये लिहिलेला आकडा खोटा असू शकतो, घड्याळाचा नाही. बिल जपून ठेवा.

एका बाबतीत मात्र वाट पाहायची नाही. टचपॅड वर आलं आहे, दाबलं जात नाही, तळ फुगला आहे, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो, यांपैकी काहीही दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, वापरू नका. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, पटाशीने उचकटायची नाही. ती चिकटवलेली असेल तर दुकानातच काढून घ्या. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की पेट घेते. बॅटरीच्या कचऱ्याचे २०२२ चे नियम बॅटरी विकणाऱ्या कंपनीवर ती परत घेण्याची जबाबदारी टाकतात, तेव्हा नवी घेताना जुनी तिथेच द्या, किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे.